मारुत 1/48 : बेंगळुरूच्या विमानावरून सांगलीत घडवलेली लाकडी प्रतिकृती

9 नोव्हेंबर 2024, बेंगळुरू

एचएफ-24 मारुत या विमानाची 1/48 प्रमाणातील प्रतिकृती लाकडातून घडवायची आणि तिचे आकार छापील आराखड्यांवर विसंबून न राहता प्रत्यक्ष उभ्या विमानावरून घ्यायचे, असे ठरवून मिरजेहून राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून इथे आलो आहे. मारुत करू पाहणाऱ्या पुढच्या माणसाचा वेळ आणि पैसा वाचावा, एवढ्यासाठीच या नोंदी आहेत. त्यामुळे जिथे काम अडले तिथे त्या लांबतील आणि जिथे सुरळीत झाले तिथे चटकन आटोपतील.

हे विमान निवडण्याचे कारण त्याच्या आकारात आहे. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या बेंगळुरूच्या कारखान्यात त्याची रचना झाली आणि 17 जून 1961 रोजी सुरंजन दास यांनी त्याचे पहिले उड्डाण केले. भारतात रचले गेलेले हे पहिले लढाऊ जेट. आखणी झाली ती ध्वनीच्या दुप्पट वेग डोळ्यांसमोर ठेवून, परंतु त्यासाठी हवे असलेले ऑर्फियस बीओआर 12 हे इंजिन कधी तयारच झाले नाही आणि प्रत्येकी सुमारे 2,200 किलो रेटा देणारी दोन ऑर्फियस 703 इंजिने त्याच्या वाट्याला आली. म्हणून हे धड त्याच्या इंजिनांच्या मानाने फारच वेगवान दिसते: नाक लांब आणि निमुळते, मध्ये स्पष्ट कंबर, आणि मागे शेजारी शेजारी बसवलेल्या दोन इंजिनांमुळे पुन्हा आलेली रुंदी. प्रतिकृतीत ही कंबर चुकली की बाकी सगळे बरोबर असूनही मारुत ओळखू येत नाही.

आज एचएएलच्या (त्याच हिंदुस्थान एअरक्राफ्टचे आजचे रूप) हेरिटेज सेंटरमधील मारुत पाहिला. मोजपट्टी काढण्याआधी बराच वेळ नुसता भोवती फिरलो, आणि हे प्रत्येकाने करावे असे माझे मत आहे. बाजूने पाहिले तर कंबर जवळजवळ जाणवत नाही, कारण ती आडव्या मापात आहे, उभ्या मापात नाही. शेपटीकडे जाऊन, डोळा धडाच्या मध्यापेक्षा थोडा खाली नेऊन नाकाच्या दिशेने पाहिले तेव्हा ती दिसली. हवा ओढून घेणाऱ्या तोंडांच्या मागे धडाची कड आत वळत जाते, पंखाच्या मध्यावर सर्वांत अरुंद होते आणि मग इंजिनांसाठी पुन्हा सावकाश बाहेर येते. तिरप्या उन्हात त्या वळणावर सावलीची एक लांब पट्टी पडली होती. तिचे छायाचित्र हेच आजचे सर्वांत उपयोगी छायाचित्र ठरेल असे वाटते.

10 नोव्हेंबर 2024, बेंगळुरू

आज कस्तुरबा रस्त्यावरील विश्वेश्वरय्या संग्रहालयाचा मारुत. एकाच प्रकारची दोन विमाने पाहण्याचा आग्रह मी मुद्दाम धरला होता. एखादी गोष्ट दोन्हीकडे सारखी दिसली तर ती बहुधा कारखान्यातून आलेली असते, आणि वेगळी दिसली तर ती प्रदर्शनासाठी उभे करताना किंवा नंतरच्या देखभालीत बदललेली असू शकते. आकार दोन्हीकडे जुळले. रंग, पृष्ठभागाचा पोत, झाकणांची अवस्था आणि विमानाची बसण्याची पद्धत मात्र जुळली नाही. यावरून पुढच्या सगळ्या कामाचा नियम ठरवला आहे: जतन केलेल्या विमानावरून घाट घ्यायचा, कातडी घ्यायची नाही.

यातली कातडी म्हणजे काय ते सविस्तर लिहितो, कारण प्रतिकृती करणारे नेमके तिथेच फसतात. उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाला ऊन-पावसापासून वाचवण्यासाठी वेळोवेळी रंग दिला जातो आणि थरावर थर चढला की पत्र्यांचे सांधे आणि रिव्हेटांची डोकी बुजतात. पक्ष्यांनी घरटी करू नयेत म्हणून पोकळ्या झाकलेल्या असतात. ती झाकणे मूळची समजून प्रतिकृतीत उतरवली जातात. वैमानिकावरच्या काचेचे पर्स्पेक्स (पारदर्शक प्लास्टिक) उन्हाने पिवळसर पडते आणि त्यावर बारीक भेगा येतात. चाकांच्या पायांच्या नळ्यांमधला वायू निघून गेला की विमान खाली बसते, आणि इंजिने काढलेली असतील तर त्याचा तोलही पूर्वीचा राहत नाही. यांपैकी काहीही उडणाऱ्या मारुतचे नव्हते.

मोजमापाची पद्धत अशी ठेवली. पीव्हीसी पाइपवर दर दहा सेंटिमीटरला लाल-पांढरे पट्टे रंगवून दोन मीटरच्या दोन काठ्या घरूनच केल्या होत्या. कर्मचाऱ्यांना विचारून एक काठी नाकाखाली आणि दुसरी शेपटीखाली, दोन्ही विमानाच्या मध्यरेषेवर येतील अशा ठेवल्या आणि जितके दूर जाता येईल तितके जाऊन लांब पल्ल्याच्या भिंगाने छायाचित्रे घेतली. छायाचित्रात दोन्ही काठ्यांची लांबी सारखी आली तरच ते छायाचित्र काटकोनातून घेतलेले आहे असे समजायचे. सारखी नसेल तर दोन पावले सरकून पुन्हा घ्यायचे. या एका पडताळणीने निम्म्याहून अधिक छायाचित्रे बाद झाली, पण जी उरली ती भरवशाची आहेत.

दूर जाण्याचा आग्रह का, ते आकड्यांवरून कळेल. मध्यरेषेपासून 20 मीटरवर उभे राहून बाजूने छायाचित्र घेतले तर आपल्याकडचे पंखाचे टोक मध्यरेषेपेक्षा 4.5 मीटर जवळ असते आणि म्हणून सुमारे 29 टक्के मोठे दिसते. अशा छायाचित्रावर थेट पट्टी ठेवून पंख मोजणारा माणूस कितीही काळजीपूर्वक मोजो, त्याचे माप चुकणारच.

24 नोव्हेंबर 2024, सांगली

छायाचित्रांवरून तीन बाजूंचा आराखडा काढायला घेतला. पडताळणीसाठी प्रसिद्ध मापे हाताशी ठेवली: लांबी 15.87 मीटर, पंखांचा विस्तार 9.00 मीटर, उंची 3.60 मीटर, पंखांचे क्षेत्रफळ 28 चौरस मीटर. 1/48 प्रमाणात ही मापे अनुक्रमे 330.6 मिलिमीटर, 187.5 मिलिमीटर, 75 मिलिमीटर आणि 121.5 चौरस सेंटिमीटर होतात.

लांबी आणि विस्तार यांत मला हवी तेवढी अचूकता मिळाली. उंची दोन्ही विमानांवरून कमी आली, आणि ती तशीच यायला हवी होती. प्रतिकृतीसाठी 75 मिलिमीटर हेच माप धरले आहे. पंखाच्या आराखड्याची खात्री आलेखाच्या कागदावर केली. पंखाचा आकार धडातून आरपार जाणाऱ्या भागासकट कागदावर काढला, कारण पंखाचे क्षेत्रफळ सांगताना हा झाकलेला भाग धरण्याची पद्धत आहे, आणि चौकोन मोजले. पहिल्या आराखड्यात क्षेत्रफळ बरेच जास्त भरले. पंखाचे मूळ छायाचित्रात ज्या ठिकाणी धडाला भिडलेले दिसते तिथे भराव आहे, आणि मी तो भराव पंखातच धरला होता. तो वेगळा केल्यावर आकडा जमला.

दुसरी पडताळणी मागच्या धडाची. ऑर्फियस इंजिनाचा व्यास सुमारे 82 सेंटिमीटर आहे. अशी दोन इंजिने शेजारी शेजारी बसवायची तर आतली रुंदी 1.64 मीटरपेक्षा कमी असूच शकत नाही, म्हणजे प्रतिकृतीत 34 मिलिमीटर, आणि त्यावर सांगाडा व पत्रा यांची जाडी. माझ्या आराखड्यात इंजिनांच्या जागी रुंदी यापेक्षा थोडी अधिक आली आहे आणि तिथून पुढे कंबरेकडे ती घटत जाते, म्हणून पुढे जायला हरकत नाही. विमानाच्या आत काय बसवले होते हे माहीत असेल तर बाहेरच्या रेषेवर असा लगाम ठेवता येतो.

या टप्प्याला अंदाजापेक्षा कितीतरी अधिक संध्याकाळी लागल्या. त्या वाया गेल्या असे मी मानत नाही.

8 डिसेंबर 2024

लाकूड. बाल्सा ऑनलाइन मिळतो, पण तो महाग पडतो आणि नखाचाही ठसा घेतो. धातूसारखा चकचकीत रंग द्यायचा असेल तर तो कामाचा नाही. सागाची घडण जड आणि तेलकट. मिरजेत सतारी आणि तानपुरे करणाऱ्या एका बुजुर्ग कारागिरांकडे गेलो आणि सतारीच्या दांडीसाठी वापरतात त्या तुनाच्या लाकडाबद्दल विचारले. त्यांनी कोपऱ्यातून एक तुकडा काढला, नखाने वाजवून पाहिला आणि म्हणाले, "सर, ह्यो दोन पावसाळं बघितलेला हाय. आता हलायचा न्हाई." पैसे घ्यायला त्यांनी नकार दिला, प्रतिकृती पुरी झाली की दाखवायला आणा, एवढीच अट घातली.

तून हे लाकूड हलके, सरळ रेषांचे आणि पटाशीला मऊ आहे. त्याचा एकच दोष म्हणजे उघडी छिद्रे, आणि त्यांचा त्रास पुढे रंगाच्या वेळी होणार हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले होते.

लाकडात मारुत घडवण्यात एक औचित्यही आहे. जेट उडण्याआधी, 1959 मध्ये, याच आकाराचे पूर्ण मोजमापाचे इंजिनविरहित लाकडी विमान एक्स-241 या नावाने तयार केले होते आणि डकोटा विमानाने ओढून वर नेऊन त्याच्या चाचण्या घेतल्या होत्या. मारुतचा घाट पहिल्यांदा हवेत गेला तो लाकडातच.

12 जानेवारी 2025

धडासाठी दोन फळ्या मध्यरेषेवर चिकटवल्या, पण मध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवून. याचे दोन फायदे: कोरताना मध्यरेषा काळ्या धाग्यासारखी सतत डोळ्यांसमोर राहते, आणि कोरून झाल्यावर पातळ सुरी घालून दोन्ही अर्धे वेगळे करून वैमानिकाची जागा व मागच्या नळ्या आतून पोखरता येतात. पहिल्या खेपेला गोंद फार पातळ लावला गेला आणि कानस चालवतानाच अर्धे सुटले. दुसऱ्या खेपेला कागदाच्या दोन्ही बाजूंना फेविकॉल लावून रात्रभर शिकंजात ठेवले. तो सांधा टिकला.

कोरण्याचा क्रम बदलू नये. आधी बाजूचा आकार करवतीने, मग वरून दिसणारा आकार, आणि दोन्ही झाल्यावरच कडा गोल करायच्या. वरून दिसणारा आकार कापतानाच कंबर तयार होते. कंबरेच्या जागी लाकडाच्या रेषा दोन्हीकडून आत उतरतात, त्यामुळे पटाशी नेहमी रुंद भागाकडून अरुंद भागाकडे चालवावी लागते. उलट चालवली की ढलपी निघते. डाव्या बाजूला, पंखाच्या मुळाच्या किंचित मागे अशी एक ढलपी निघाली आणि ती त्याच लाकडाचा काप चिकटवून भरावी लागली.

9 फेब्रुवारी 2025

कंबर पुरी झाली. पुठ्ठ्याचे छेद-साचे नाकापासून शेपटीपर्यंत ठरावीक अंतरांवर लावून पाहतो आहे. एका बाजूचा साचा उलटा करून दुसऱ्या बाजूला लावला की दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते लगेच कळते. डोळ्याला सारख्या वाटणाऱ्या बाजूंमध्ये अर्धा मिलिमीटर फरक निघाला. प्रत्यक्षात तो चोवीस मिलिमीटर होतो, म्हणून काढून टाकला.

सर्वांत उपयोग झाला तो शेपटीकडून घेतलेल्या त्या सावलीच्या छायाचित्राचा. टेबलावरचा दिवा त्याच कोनात ठेवून लाकडाकडे पाहिले तेव्हा माझ्या धडावर सावलीची पट्टी मध्येच तुटत होती, म्हणजे वळण एकसंध नव्हते. पुठ्ठ्याच्या साच्यांनी हे दाखवले नव्हते, कारण साचे ठरावीक जागीच लागतात आणि त्यांच्यामधला भाग मोकळा राहतो. लांब लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर चिकटवून धडाच्या लांबीने घासल्यावर पट्टी सलग झाली. ज्यांना दुसरे काही करायला वेळ नसेल त्यांनी निदान दिव्याची ही पडताळणी करावी.

2 मार्च 2025

पंख लाकडात करायचा विचार सोडला. या जाडीत लाकडी पंखाची मागची कड टिकत नाही. पॉलिस्टायरीन या प्लास्टिकच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पितळी तार ठेवून पंख चिकटवले, मग धडात भोके पाडून तारेवर बसवले. शेपटीचे आडवे पंखही तसेच. समोरून घेतलेल्या छायाचित्रावर ट्रेसिंग कागद ठेवून कोन तपासले. इथे फारसे काही अडले नाही.

30 मार्च 2025

हवेची तोंडे आणि तोफा. मारुतच्या दोन्ही बाजूंच्या तोंडांमध्ये अर्धा शंकू बसवलेला असतो, आणि तोंडाची आतली कड धडाला चिकटलेली नसते. दोघांमध्ये फट असते. ही फट बुजवलेल्या प्रतिकृती मी पाहिल्या आहेत आणि तिथे समोरून पाहताना सगळा दिमाख नाहीसा होतो. बांबूची काडी ड्रिलमध्ये धरून पॉलिश पेपरवर शंकू घासला आणि पातळ करवतीने उभा चिरून दोन अर्धे केले. दोन्ही तोंडांसाठी एकाच शंकूचे अर्धे वापरावेत, म्हणजे ते सारखे येतात. तोंडाची कड पॉलिस्टायरीनची पट्टी गरम पाण्यात मऊ करून वाकवली. फटीच्या जागी पट्टीचा एक तुकडा तात्पुरता अडकवून तोंड चिकटवले आणि सुकल्यावर तो ओढून काढला. त्यामुळे फटीचा अंदाज बांधत बसावे लागले नाही.

मारुतच्या नाकात 30 मिलिमीटरच्या चार एडन तोफा होत्या, दोन्ही बाजूंना दोन-दोन. 1/48 प्रमाणात नळीचे भोक 0.62 मिलिमीटर होते. 20 गेजच्या इंजेक्शनच्या सुईचे, म्हणजे पिवळ्या टोपीच्या सुईचे, आतले भोक जवळजवळ तेवढेच असते. मिरजेत औषधांच्या दुकानांना तोटा नाही. सुया काही रुपयांत मिळाल्या. सुई पक्कडीने कापू नये, टोक चपटे होते. बारीक कानशीने गोल खाच पाडून मग मोडावी आणि तोंड पॉलिश पेपरवर सपाट करावे. मोडताना तुकडा उडतो, म्हणून चष्मा घालावा आणि सुईचे तिरके टोक आधीच घासून बोथट करावे.

नळ्या बसवण्याआधी दोन्ही संग्रहालयांची छायाचित्रे शेजारी ठेवून तोफांच्या खाचांची लांबी पुन्हा मोजली. रंगाच्या थरांमुळे खाचेची कड गोलसर दिसते. खरी कड किती तीक्ष्ण होती ते सेवेतील मारुतच्या जुन्या कृष्णधवल छायाचित्रांत अधिक चांगले दिसते. अशा ठिकाणी उभे विमान बाजूला ठेवावे आणि छायाचित्राचे ऐकावे.

20 एप्रिल 2025

वैमानिकावरची काच. आतापर्यंत सर्वांत जास्त वेळ खाल्लेला भाग हाच.

लाकडाचा साचा करून, तो काचेच्या जाडीइतका सगळीकडून लहान ठेवून, त्यावर मिठाईच्या डब्याचे पारदर्शक झाकण गरम करून दाबायचे, अशी पद्धत ठरवली होती. पहिल्या काचा गॅसच्या आचेवर केल्या आणि त्या दुधाळ झाल्या. ही झाकणे पीईटी प्लास्टिकची असतात. प्रमाणाबाहेर तापले किंवा फार वेळ गरम राहिले की हे प्लास्टिक आतून स्फटिकासारखे जमते आणि पांढरे पडते, मग कितीही घासले तरी ते साफ होत नाही. आच कमी केली तर पत्रा नीट ताणला जाईना आणि पुढच्या टोकाला सुरकुत्या पडू लागल्या.

उपाय दोन निघाले. आगीच्या ज्योतीऐवजी विजेची शेगडी घेतली, कारण तिची उष्णता पसरट असते. पत्रा लाकडी चौकटीत पक्का धरून शेगडीवर आडवा ठेवला आणि तो मधोमध झोळीसारखा किंचित खाली आला त्या क्षणी उचलून साच्यावर एकाच दाबात उतरवला. थांबले की काम बिघडते. यानंतरच्या काचा स्वच्छ आल्या, पण त्यांत लाकडाच्या रेषांचे ठसे दिसू लागले. मग साच्यावर सुपरग्लूचे थर देऊन तो 1200 नंबरच्या कागदापर्यंत घासला आणि शेवटी दाढी करण्याच्या मऊ ब्रशने टाल्कम पावडर लावली. ती काच घेतली आहे.

काच बंद ठेवणार आहे. आत मार्टिन-बेकरची (संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारी) खुर्ची आणि साधनांचा फलक एवढेच केले; बंद काचेतून त्याहून अधिक काही दिसत नाही.

11 मे 2025

छिद्रे बुजवणे. गाड्या रंगवणारे वापरतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, थेट लाकडावर भरली, घासली, सरफेसर (रंगाआधीचा राखाडी थर) मारला आणि पृष्ठभाग आरशासारखा झाला असे वाटले. पंधरवड्यानंतर पाहतो तर लांबी छिद्रांत बसली होती आणि लाकडाच्या सगळ्या रेषा सरफेसरमधून वर आल्या होत्या. राखाडी रंगावर त्या पुसट दिसतात. चंदेरी रंगावर त्या सहा फुटांवरून दिसल्या असत्या.

सगळे खरवडून काढले. मिरजेच्या त्याच कारागिरांनी सांगितल्याप्रमाणे आता लाखेचे पॉलिश कापडाच्या बोळ्याने, दिवसाला एकच पातळ हात, असे देतो आहे. मधल्या दिवसांत काहीही करायचे नाही, नुसते सुकू द्यायचे. दर काही हातांनंतर 400 नंबरच्या कागदाने घासून पुन्हा पॉलिश. लाख छिद्रांत उतरते, सुकल्यावर किंचित बसते, मग पुढचा हात ती जागा भरतो. म्हणून घाई चालत नाही. लांबी आता फक्त पंखाच्या मुळाच्या भरावासाठी ठेवली आहे.

29 जून 2025

पाऊस सुरू झाला. लाखेवर सरफेसर नीट बसला, म्हणून काळ्या चकचकीत एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाचा हात दिला, आणि तासाभरात सगळ्या धडावर पांढरट धूर पसरल्यासारखा झाला. थिनर झपाट्याने उडून जातो, पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतली वाफ ओल्या रंगात अडकते. सांगलीत या दिवसांत हवा किती ओली असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. रंगकाम मेअखेर आटोपायला हवे होते, पण लाखेने मे महिना घेतला.

रंगाच्या दुकानात सावकाश उडणारा थिनर, ज्याला ते रिटार्डर म्हणतात, तो मिळाला. पुठ्ठ्याच्या खोक्यात पिवळा बल्ब लावून धड आधी कोमट केले, रिटार्डर मिसळलेला अगदी पातळ हात दिला आणि पुन्हा खोक्यात ठेवले. बहुतेक पांढरेपणा विरघळून गेला. पोटाखाली राहिलेला डाग घासून पुन्हा रंगवावा लागला. चंदेरी हात मात्र पावसाळा सरल्याशिवाय देणार नाही.

21 सप्टेंबर 2025

चार दिवस उघडीप मिळाली. काळ्या चकचकीत थरावर बारीक कणांचा अॅल्युमिनियम रंग, एकावर एक फार पातळ हातांनी. काळा थर गुळगुळीत असेल तरच चंदेरी रंग धातूसारखा दिसतो. त्यावर बोटाचा ठसा राहिला असेल तर तोही तितक्याच स्पष्टपणे दिसतो.

रंगसंगती सुरुवातीच्या काळातल्या उघड्या धातूची घेतली आहे. 1 एप्रिल 1967 रोजी 10 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये मारुत दाखल झाला. नंतरच्या छद्मरंगात (विमान लपवणाऱ्या पट्ट्यांच्या रंगात) 1971 च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर लढलेली विमाने अधिक प्रसिद्ध आहेत, पण छद्मरंग आकार तोडतो आणि मला तर कंबर दाखवायची आहे. काही पत्र्यांना रंगात काळ्याचा एखादा थेंब घालून किंचित गडद छटा दिली. इंजिनांच्या नळ्यांभोवती तपकिरी-निळसर झाक अगदी हलक्या हाताने दिली. ती संग्रहालयातल्या विमानावर दिसणार नाही, कारण तिथे रंग आहे, तापलेला धातू नाही.

12 ऑक्टोबर 2025

हवाई दलाची वर्तुळे. डेकल कागदावर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्राचा कागद) छापलेला केशरी रंग चंदेरीवर मळकट दिसतो, कारण छपाईत पांढरा रंग नसतो. म्हणून वर्तुळाच्या मापाचा पांढरा गोल आधी रंगवून घेतला आणि त्यावर केशरी कडे व मधला हिरवा ठिपका यांचे डेकल बसवले. त्यांच्यामधले पांढरे कडे खालच्या रंगाचेच आहे. वर्तुळाच्या कंपासला पातळ पाते लावून मुखवटे कापले. पाते बोथट झाले की कड फाटते, म्हणून दर दोन वर्तुळांनंतर बदलावे.

धड पोखरताना मागच्या बाजूचे लाकूड निघाले होते, तरीही प्रतिकृती शेपटीवर बसत होती. वैमानिकाच्या जागेच्या पुढून भोक पाडून मासेमारीच्या गळाची शिशाची वजने नाकात भरली आणि मगच काच चिकटवली. हा तोल काच बसवण्याआधी तपासावा. पायांच्या नळ्या पितळी ठेवल्या आहेत. या वजनाला प्लास्टिकचे पाय काही महिन्यांत वाकतात. चाके 75 मिलिमीटरच्या उंचीवर आणून बसवली, संग्रहालयातल्या विमानाच्या उंचीवर नव्हे.

पट्टीने मोजले तेव्हा लांबी 330 मिलिमीटर भरली आणि विस्तार 187. प्रवास सोडला तर सर्वाधिक खर्च रंग, थिनर आणि बाद झालेल्या प्लास्टिकच्या पत्र्यांवर झाला. लाकडावर काहीच नाही. मिरजेला प्रतिकृती घेऊन गेलो तेव्हा कारागिरांनी ती उलटी करून आधी पोट पाहिले, पावसाळ्यात दुरुस्त केलेल्या डागावरून अंगठा फिरवला आणि मगच सुलटी केली.

पोटाचा एक भाग मात्र मी साधाच ठेवला आहे. पुढच्या चाकाच्या मागे 68 मिलिमीटरच्या 50 रॉकेटांची पेटी आत-बाहेर सरकत असे. ती उघडी दाखवायची तर तिच्या आतल्या बाजूची मापे हवीत, आणि पेटी आत गेलेली असताना ती बाहेरून घेता येत नाहीत. म्हणून मी फक्त झाकणाच्या रेषा कोरल्या आहेत. बेंगळुरूला जाणाऱ्याने जमिनीलगत धरता येईल असा छोटा आरसा आणि टॉर्च सोबत न्यावा, पोटाखालच्या सांध्यांची छायाचित्रे दोन्ही संग्रहालयांत घ्यावीत, आणि दोन्हीकडे सारख्या येणाऱ्या रेषाच लाकडावर कोराव्यात.